‘आढ्य’ नसलेला रुग्ण : मानसोपचाराच्या वाटेवरील चार अडसर

चिकित्सेचे चार पाद आपणां सर्वांना मुखोद्गत आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार चार गुणही आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. त्यांपैकी रोग्याच्या गुणांकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रोग्याच्या ठिकाणी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांची अपेक्षा केली. अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात वाग्भटाचार्यांनी दिलेली सूची थोडी निराळी आहे : आढ्य, भिषग्वश्य, ज्ञापक आणि सत्त्ववान. चरकांच्या सूचीत नसलेला एक गुण येथे आला आहे, आणि तोही पहिल्या स्थानी. आढ्य म्हणजे धनवान.

हा शब्द प्रथमदर्शनी निष्ठुर वाटतो. परंतु त्यात व्यवहाराचे कटू सत्य आहे. द्रव्यबळ नसेल तर उत्तम वैद्य आणि उत्तम औषध असूनही चिकित्सा अडते. चरकांनी हे जाणले होते. उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनासाठी लागणाऱ्या संभाराची भली मोठी यादी दिल्यानंतर ते दरिद्री माणसाकडे वळतात. साधने सर्वांजवळ सारखी नसतात, दारुण व्याधी मात्र दरिद्र्यालाही गाठतात. तेव्हा त्याच्यासाठी शक्य असेल त्या साधनांनी उपचार व्हावेत, असा त्या विवेचनाचा आशय आहे.

शारीर व्याधींच्या बाबतीत हा विचार आपल्या व्यवसायात बऱ्यापैकी रुजला आहे. गरीब रुग्णाला महागड्या कल्पाऐवजी चूर्ण वा काढा देणे, पैशासाठी थांबणे, हे आपल्यापैकी बहुतेक जण करतात. मानसव्याधींच्या बाबतीत मात्र ‘लोक उपचार घेत नाहीत’, ‘अज्ञान फार आहे’ असे म्हणून आपण थांबतो. वाग्भटांनी सांगितलेले चार गुण कसोटीला लावले, तर निराळे चित्र दिसते. अल्प उत्पन्न असलेल्या मनोरुग्णाच्या ठिकाणी हे चारही गुण परिस्थितीने हिरावून घेतलेले असतात. ते त्याच्याकडून मागण्यात अर्थ नाही. त्यांची भर वैद्याने आणि औषधविक्रेत्याने घालावयाची आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रश्नाचे मान

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्यांत नव्हता; परंतु आपल्या सीमेला लागून असलेले गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. त्या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण तीव्र मानसिक विकारांत ७३.६ टक्के, अवसादात, म्हणजे नैराश्याच्या विकारात, ८५.२ टक्के आणि मद्यासक्तीत ८६.३ टक्के होते. अवसादाच्या दर सात रुग्णांमागे जेमतेम एकाला उपचार मिळतात, असा याचा अर्थ.

दुसरी आकडेवारी अधिक अस्वस्थ करणारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या व हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. मृतांपैकी २६.४ टक्के रोजंदारीवर काम करणारे होते. व्यवसायवार पाहता हाच सर्वांत मोठा गट होता. सुमारे ६४ टक्के मृतांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांहून कमी होते. प्रत्येक आत्महत्येमागे मानसव्याधीच असते असे नाही. कर्ज, नापिकी, व्यसन, घरातील छळ अशी कारणे त्यात गुंतलेली असतात. तरीही दुःखाचा भार कोणत्या खांद्यांवर आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

पहिला अडसर : आढ्यत्वाचा अभाव

शासकीय रुग्णालयात मानसोपचार मोफत वा नाममात्र दरात मिळतात, मग पैशाचा प्रश्न कोठे येतो, असे विचारले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमाने दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तीला शासनाच्या व शासन-अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत विनामूल्य उपचारांचा हक्क दिला आहे. कायदा उत्तम आहे. परंतु ‘मोफत’ या शब्दात केसपेपर आणि गोळ्या एवढ्यांचाच समावेश होतो. रुग्णाच्या खिशातून जाणारा पैसा निराळ्याच मार्गांनी जातो.

आपल्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक काही ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येते. आता समजा, जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या खेड्यातील शेतमजूर स्त्रीला या विभागात न्यावयाचे आहे. ती एकटी जाऊ शकत नाही, म्हणून पती बरोबर निघतो. दोघांचा दिवसाचा रोज बुडतो. एस.टी.चे भाडे, दुपारचे खाणे, लहान मूल असल्यास त्याचा खर्च वेगळाच. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, ही दिलाशाची गोष्ट. पण बुडालेल्या रोजाला सवलत नाही. हा खर्च महिन्यातून एकदा, कधी दोनदा, आणि तोही अनेक महिने करावयाचा असतो. वरील सर्वेक्षणातही रुग्णाच्या कुटुंबाचा उपचार व प्रवास यांवर महिन्याला एक हजार ते दीड हजार रुपये खर्च होत असल्याचे आढळले होते. हातावर पोट असलेल्या घराने तो सोसावा कसा ?

तज्ज्ञांचा तुटवडा हे या अडसराचे दुसरे अंग आहे. त्याच पाहणीत लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५, तर केरळात १.२ आढळले. तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण खेड्यात, हे अंतर रुग्णालाच आपल्या पायांनी आणि पैशांनी कापावे लागते.

दुसरा अडसर : ज्ञापकत्वाचा अभाव

ज्ञापक म्हणजे आपली अवस्था वैद्याला यथार्थ सांगू शकणारा. ‘मला नैराश्य आले आहे’ असे वाक्य आपल्या दवाखान्यात किती रुग्ण उच्चारतात ? येणारा रुग्ण सांगतो : डोके जड राहते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, अंगाची आग होते, गॅस डोक्यात चढतो, जीव घाबरा होतो, काम होत नाही. स्त्रिया कंबरदुखी आणि अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करतात; तरुण पुरुष धात जात असल्याचे सांगतात. फार तर ‘टेन्शन आहे’ एवढा शब्द येतो.

ही तक्रार खोटी नसते. मनाचे दुःख शरीरावाटे व्यक्त होणे ही गोष्ट शरीर-मनाचा अन्योन्यसंबंध मानणाऱ्या आपल्या शास्त्राला नवी नाही. गोव्यातील स्त्रियांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जननमार्गाच्या संसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसून आले. प्रदराची औषधे वर्षानुवर्षे घेऊनही ‘गुण येत नाही’ म्हणणारी रुग्णा आपल्या प्रत्येकाच्या नोंदवहीत असेल. तिच्या घरी काय चालले आहे, हे कोणी विचारले होते काय, असा प्रश्न या अभ्यासाने आपल्यापुढे ठेवला आहे.

गरीब रुग्ण देहाच्या भाषेत बोलतो, याचे एक कारण व्यावहारिकही आहे. शरीर दुखत असेल तर कामावर न जाण्यास घरचे व मालक मान्यता देतात. मन दुखत असेल तर ‘नाटक’ म्हणतात. शिवाय गर्दीच्या दवाखान्यात, पडद्याशिवाय, सासू शेजारी बसलेली असताना मनातले सांगणार तरी कसे ? ज्ञापकत्वासाठी एकांत लागतो आणि ऐकणारा लागतो. गरिबाच्या वाट्याला ही दोन्ही क्वचितच येतात.

तिसरा अडसर : भिषग्वश्यत्वाचा अभाव

वैद्याने सांगितले तसे वागणारा तो भिषग्वश्य. मनोरुग्ण ‘औषध मध्येच सोडतात’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिच्या मुळाशी बहुधा हट्टीपणा नसतो. अवसादावरील आधुनिक औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोंड कोरडे पडणे, मळमळ, सुस्ती हे त्रास मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकतात. म्हणजे आधी त्रास आणि मागाहून गुण. हे कोणी समजावून सांगितले नसेल, तर पहिल्या आठवड्यात गोळ्या बंद होतात. बरे वाटू लागल्यावरही कित्येक महिने औषध चालू ठेवावे लागते. पण बरे वाटत असताना रोज बुडवून पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी का जावे, असे रुग्णाला वाटल्यास त्याला दोष कसा द्यावा? सुस्तीमुळे विटांची पाटी उचलता येत नसेल, तर मजूर गोळीपेक्षा मजुरीची निवड करतो.

स्थलांतर हे आणखी एक कारण. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने मध्येच गावी येता येत नाही. गावाकडच्या रुग्णालयात सुरू झालेला उपचार फडावर तुटतो. नव्या गावी कागद नाही, ओळख नाही. अशा रुग्णाला ‘निर्देशकारी नाही’ असा शेरा मारणे सोपे. परंतु त्याच्या हाती औषधांची नावे व मात्रा लिहिलेला एक कागद देणे अधिक उपयोगाचे.

चौथा अडसर : सत्त्वाची क्षीणता

चौथा गुण सत्त्वाचा, मनोबलाचा. येथे तर मूळ व्याधीच सत्त्वावर आघात करते. अवसादाच्या रुग्णाला आशा वाटत नाही, निर्णय घेता येत नाही, अंथरुणातून उठवत नाही. अशा माणसाने धीर एकवटून शहर गाठावे, रांगेत उभे राहावे, चार खिडक्या फिराव्यात, ही अपेक्षा म्हणजे दृष्टी गेलेल्याला पाटी वाचत दवाखाना शोधण्यास सांगण्यासारखे आहे.

लोकलज्जा हा भार त्यावर पडतो. ‘येरवडा’ किंवा ‘ठाणे’ ही गावांची नावे आपल्या बोलण्यात टिंगलीचा विषय झाली आहेत. धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल, खोलीमालक घर रिकामे करावयास सांगेल, मालक कामावरून काढील, ही भीती निराधार नाही. सुखवस्तू कुटुंब दुसऱ्या शहरात गुपचूप उपचार घेऊ शकते. चाळीत वा वस्तीत राहणाऱ्याला गुप्तता परवडत नाही.

अनेक कुटुंबे प्रथम भगत, देवस्थान वा दर्ग्याकडे जातात, ते केवळ अंधश्रद्धेपायी असेही समजू नये. तेथे दार सदैव उघडे असते, कुटुंबाला रुग्णासह राहता येते, कागद कोणी मागत नाही आणि दोष रुग्णाच्या माथी न मारता बाहेरच्या बाधेवर टाकला जातो. त्याचबरोबर तेथील धोकाही विसरता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरविला आहे. कुटुंबाची श्रद्धा दुखावू नये. परंतु मारहाण, उपास घडविणे आणि चालू औषध बंद करणे यांना स्पष्ट विरोध करावा. श्रद्धा आणि औषध एकत्र नांदू शकतात. आपल्याकडील दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय ही त्रिविध चिकित्सा हेच सांगते.

दार जवळ आणले तर

हे चार अडसर दूर होणे शक्य आहे काय ? दोन कामांचा दाखला देण्याजोगा आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावात बैठका घेऊन मनाच्या आजाराविषयी बोलणे, गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी समुपदेशन करणे आणि गरज असेल त्याला तज्ज्ञाकडे पोहोचविणे, अशी त्याची रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अवसादाच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. गावे तीच, गरिबी तीच, लोकही तेच. सेवा जवळ आली आणि तिच्याविषयी समजेल अशा भाषेत बोलले गेले, तेव्हा लोक आले.

दुसरा दाखला गोव्यातील ‘मानस’ अभ्यासाचा. वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांची प्राथमिक दवाखान्यांत नेमणूक करून त्याचा परिणाम तपासण्यात आला; निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. शासकीय केंद्रांत अशा मदतीने सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. मदत नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशकामुळे फारसा फरक पडला नाही. कारण तेथे नेहमीच्या पद्धतीनेही ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. ओळखीचा, वेळ देणारा, घराची माहिती असणारा डॉक्टर हाच तेथे निम्मा उपचार ठरत असावा, असे अनुमान निघते. आपल्या व्यवसायबंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याजवळ हे भांडवल आधीपासूनच आहे.

वैद्याचे कर्तव्य

गावातील वा वस्तीतील वैद्य हे गरीब रुग्णाचे पहिले दार असते. तो आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा उसनवार करून आलेला असतो. त्या पैशांत त्याला एक बाटली देऊन परत पाठविले आणि गुण आला नाही, तर पुढच्या दाराशी जाण्याची त्याची ऐपत आणि उमेद, दोन्ही संपतात. पहिल्या भेटीचे मोल म्हणूनच फार आहे. आमच्या मते पुढील गोष्टी प्रत्येक दवाखान्यात शक्य आहेत.

१) दोन प्रश्न विचारावेत. तपासणीत कारण न सापडणाऱ्या, वारंवार येणाऱ्या शारीर तक्रारींत सहज विचारावे : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहते काय ? नेहमीच्या कामांत, गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय ? उत्तर होकारार्थी असल्यास झोप, भूक, व्यसन, कर्ज, घरातील मारहाण यांविषयी एकांतात विचारावे.

२) आत्मघाताच्या विचारांविषयी स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट रुग्णाचे ओझे हलके होते. असा विचार असल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधे दूर ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे हे लपवितात. त्यांना सांगावे की, २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते व तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलमही राहिलेले नाही.

३) आपली मर्यादा ओळखावी. सौम्य चिंता, निद्रानाश यांत निदानपरिवर्जन, दिनचर्या, अभ्यंग, शिरोधारा, मेध्य द्रव्ये आणि धीर देणारे बोलणे यांचा उपयोग आपण करतोच. परंतु भास होणे, संशयाने घर सोडणे, अन्नपाणी टाकणे, अतिउत्साहाने कित्येक रात्री न झोपणे, बाळंतपणानंतर आईला मुलाविषयी विपरीत विचार येणे, ही लक्षणे दिसताच तज्ज्ञाची मदत घ्यावी. या कायद्याने आयुर्वेदातील ‘मनोविज्ञान व मानसरोग’ या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. हा सन्मान आहे, तशीच जबाबदारीही आहे.

४) चालू आधुनिक औषध आपण होऊन बंद करू नये. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानंतर एकाएकी थांबविल्यास झटके येऊ शकतात. लिथियम घेणाऱ्या रुग्णात विशेष सावधगिरी हवी : वमन, विरेचन, लंघन किंवा मीठ वर्ज्य करणे यांमुळे शरीरातील जल व क्षार घटून लिथियमची रक्तातील मात्रा विषारी पातळीपर्यंत चढू शकते. शोधनापूर्वी ‘मनाची कोणती गोळी चालू आहे काय’ हा प्रश्न चुकता कामा नये.

५) चिठ्ठी देताना वाट सांगावी. ‘सिव्हिलला जा’ एवढे सांगणे म्हणजे संदर्भसेवा नव्हे. बाह्यरुग्ण विभागाचे वार, खोली कोठे आहे, कोणते कागद न्यावेत, पथक जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येते, याची माहिती आपण एकदा काढून भिंतीवर लावावी. मधल्या काळात फेरतपासणी आपल्याच दवाखान्यात केल्यास रुग्णाची एखादी फेरी वाचू शकते. दोन फेऱ्यांचा वाचलेला रोज हेच त्याच्या दृष्टीने मोठे अनुपान.

६) उपस्थात्याला सामील करून घ्यावे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे परिचारकाचे गुण. गरीब घरात हा परिचारक म्हणजे बहुधा दमलेली पत्नी वा आई असते. गोळ्या कोणी द्यावयाच्या, कोणती लक्षणे दिसताच यावयाचे, हे तिला सोप्या शब्दांत सांगावे. आणि तिची स्वतःची झोप कशी आहे, हेही विचारावे. गावातील आशा कार्यकर्ती आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी यांची मदत घ्यावी. या पदावर आपलेच अनेक आयुर्वेद पदवीधर कार्यरत आहेत.

औषधविक्रेत्यांसाठी

अनेकदा रुग्ण वैद्याकडेही जात नाही. थेट दुकानात येऊन ‘झोपेचे काही द्या’, ‘डोके शांत होईल असे द्या’ म्हणतो. त्यामुळे काउंटरमागे उभी असलेली व्यक्ती नकळत पहिली तपासनीस ठरते. महिन्यात तिसऱ्यांदा झोपेचे औषध नेणारा, पत्नीसाठी वारंवार ‘ताकदीचे’ औषध नेणारा पती, दारू सोडविण्याचे गुप्त औषध मागणारी आई, यांना दोन शब्द अधिक विचारावेत आणि वैद्याकडे वा रुग्णालयात पाठवावे.

अरिष्टे देताना एक प्रश्न अवश्य विचारावा. सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांत संधानजन्य मद्यार्क असतो. मद्य सोडलेल्या व्यक्तीला, आणि विशेषतः डायसल्फिराम ही गोळी घेणाऱ्याला, ती देऊ नयेत. तीव्र प्रतिक्रिया येण्याचा संभव असतो. रोग्याला न कळविता ती गोळी अन्नात मिसळून देण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये.

जाहिरातींविषयीही सावध असावे. औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या सूचीत वेड, अपस्मार, हिस्टेरिया अशा व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा करणारे फलक व पत्रके दुकानात लावणे बेकायदेशीर आहे. अशा फलकाच्या जागी एकच क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा : १४४१६. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती अहोरात्र चालते व मराठीतून बोलता येते. भाडे नाही, रोज बुडत नाही, शेजाऱ्यांना कळत नाही. पहिल्या आणि चौथ्या अडसरावर एवढा स्वस्त उतारा दुसरा नाही. ज्याच्याजवळ फोन नाही, त्याला दुकानातील फोन दोन घटका द्यावा.

समारोप

आजार दीर्घकाळचा असून त्यामुळे कामच होत नसेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात मानसिक आजाराचा समावेश आहे, हे कुटुंबाला सांगावे. जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्राने शासकीय साहाय्याचे दार उघडू शकते. तसेच २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. हे कायदे गरिबापर्यंत वर्तमानपत्रांतून पोहोचत नाहीत. त्याला विश्वासाच्या माणसाकडूनच कळावे लागतात.

वाग्भटांनी रोग्याचे गुण सांगितले, तेव्हा ते चतुष्पादाच्या संदर्भात सांगितले. पाय चार असले, तरी देह एकच. एक पाय लंगडा असेल, तर उरलेल्या तिघांनी अधिक भार घ्यावयाचा असतो. रुग्ण आढ्य नसेल तर आपण त्याचा खर्च वाचवावा. तो ज्ञापक नसेल तर आपण विचारावे, भिषग्वश्य राहू शकत नसेल तर त्याची फेरी कमी करावी, आणि सत्त्व खचले असेल तर काही काळ आपले थोडे उसने द्यावे. येत्या आठवड्यात आपल्या दवाखान्यात ‘गॅस डोक्यात चढतो’ असे सांगणारा रुग्ण येईलच. त्याला चूर्णाची पुडी देण्यापूर्वी वरील दोन प्रश्न विचारून पाहावेत, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे वार त्याआधीच लिहून ठेवावेत, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींना व औषधविक्रेत्यांना आमची विनंती आहे.